नोरूझच्या दिवशीची खूण

माझ्या तक्त्याचा मला फार अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते. मागाहून दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

एकोणतीस वर्षं मी कोचकोरच्या पुढे डोंगरापाशी असलेल्या आमच्या गावच्या शाळेत गणित शिकवते आहे. पुढच्या वर्षी सुटका. गुडघे तर आताच सुटलेत. अकरावीला, म्हणजे शेवटच्या वर्षाला आलेल्या प्रत्येक पोराकडून मी सप्टेंबरपासून दर महिन्याला एक तक्ता करून घ्यायची. जाड कागद, पट्टीने आखलेले चौकोन, वरती तारीख आणि वार, कडेला वेळ. चार ते सहा बीजगणित, सहा ते सात भाषा, असं सगळं. तो घरी अभ्यासाच्या टेबलावर भिंतीला डकवायचा. अभ्यास झाला की चौकोनात बरोबरची खूण करायची, रविवारी घरातल्या मोठ्या माणसाची सही घ्यायची आणि महिना संपला की तक्ता माझ्याकडे आणून द्यायचा. माझ्या शिक्षिकेने माझ्याकडून हेच करून घेतलं होतं, तिच्या शिक्षिकेने तिच्याकडून. जिल्ह्याची माणसं तपासणीला आली की आमचे मुख्याध्यापक कुबानिच आगाय त्यांना थेट माझ्या कपाटापाशी आणायचे. "बघा, सायकाल एजेयकडे वर्षा-वर्षाची शिस्त आहे!" आमच्याकडे बाईंना एजेय म्हणतात आणि गुरुजींना आगाय. मी नको नको म्हणायची आणि मनातून फुगायची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सराव चाचणीचा निकाल आला. खरी परीक्षा मे महिन्यात. विद्यापीठात जायचं तर एकशेदहा गुण हवेत, त्याखाली दार बंद. जाझगुलला अठ्ठ्याऐंशी मिळाले होते.

दुसऱ्या कुणाला मिळाले असते तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. पण जाझगुलची वही म्हणजे वर्गातली सगळ्यात देखणी वही. निळ्या शाईत गणित, हिरव्या शाईत सूत्र, भोवती चौकट. दर आठवड्याला मी ती वर्गात फिरवून दाखवायची. शिवाय तिचे सप्टेंबरपासूनचे तक्ते, एकही चौकोन रिकामा नाही.

निकालाच्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. उंच, हाडकुळी पोर, हात गाईचं दूध काढून काढून लाल झालेले.

"एजेय, मी परीक्षेला बसणार नाही बहुतेक."

"का? कुठे चाललीस, चंद्रावर?"

"मॉस्कोला. आईने बोलावलंय. ती ज्या खानावळीत भांडी घासते, तिथे अजून एकीची जागा आहे. एक मेपर्यंत थांबतो म्हणाले. कालच सराव परीक्षेचे गुण तिला सांगितले, तर म्हणाली, उगाच महिना कशाला घालवतेस."

"आणि गुरांची डॉक्टर व्हायचं होतं ना तुला?"

ही पोर सातवीत असताना त्यांच्या बारा मेंढ्या एका आठवड्यात मेल्या आणि डॉक्टर आला तेव्हा फक्त कातडी उरली होती. तेव्हापासून तिने हेच धरून ठेवलं होतं. गावात बायका हसायच्या, घोड्याच्या पोटात हात घालणारी सून कोण करून घेईल म्हणून. ती कुणाला काही बोलायची नाही, पण हट्ट सोडायची नाही.

मी तिची वही घेतली, मिटली आणि विचारलं, "कालच्याच पानावरचं विचारते. भूमिती श्रेढीचं सूत्र सांग."

तिने वहीकडे हात पुढे केला, मी वही मागे घेतली.

"हिरव्या शाईत लिहिलंस की गं काल!"

"लिहिलं, एजेय. लिहिताना कळत होतं."

मग मी तिचा मार्चचा तक्ता काढला. एकतीस दिवस, सगळीकडे खुणा, तळाला तिच्या आजोबांची सही. आणि खरं सांगते, वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पोरी, तू कष्टात कमी पडली नाहीस, डोकंच तेवढं चालतं, वाईट वाटून घेऊ नकोस. एवढ्या वर्षांत मी ते कितीजणांना म्हटलं असेल देव जाणे. मला ते मायेचंच वाक्य वाटायचं.

तोच ती म्हणाली, "आई म्हणते, आमच्या घरात डोकंच नाही. तुम्हीच तिला सांगितलं होतं म्हणे, ती अकरावीला होती तेव्हा. तिचेही तक्ते भरलेले होते."

मला अनारकुल आठवली. जाझगुलची आई. मागच्या बाकावर बसायची, वेणी पुढे घेऊन. मी पुन्हा तक्त्याकडे बघितलं, आणि नजर एकवीस मार्चवर गेली. एकवीस मार्चला नोरूझ, आमचं नवं वर्ष, त्या दिवशी अख्खं गाव शाळेत मोडाच्या गव्हाची खीर, सुमोलोक, ढवळत असतं. चार ते सहा, बीजगणित, खूण.

"जाझगुल," मी म्हटलं, "नोरूझला दुपारी चार वाजता तू कुठे होतीस?"

तिचा चेहरा उतरला.

"मी सांगते. शाळेच्या पटांगणात सुमोलोकच्या कढईपाशी होतीस, माझ्या शेजारी. हातात लाकडी उलथनं होतं आणि खाली लागू देऊ नकोस म्हणून मी तुझ्यावर खेकसत होते. मग बीजगणित कुणी केलं? कढईने?"

"रविवारी करते खुणा," ती पुटपुटली. "सगळ्या आठवड्याच्या एकदम. तायाता चष्म्याशिवाय सही करतात."

"मला फसवत होतीस सात महिने!"

"रिकामे ठेवले तर तुम्ही ओरडता, एजेय."

मी एवढी भडकले की तिला वर्गात हाकलून दिलं. पण दुपारी शाळा सुटल्यावर माझे पाय आपोआप तिच्या घराकडे वळले. गुडघे कुरकुरत होते, रस्ताभर चिखल होता, आणि मी स्वतःशी बडबडत होते की या वयात मला ही उठाठेव कुणी सांगितली आहे.

तिचे तायाता, म्हणजे आईचे वडील, जुमाकादिर, ज्यांना सगळे मानाने आके म्हणतात, हे गावातलं मोठं माणूस. लग्न ठरवायचं असो, घोडा घ्यायचा असो, दोन भावांचं कुंपणावरून वाजलेलं असो, लोक आधी त्यांच्याकडे येतात. आजी जाऊन तीन वर्षं झाली, मामा कळपाबरोबर वर डोंगरात. म्हणजे घरात बाईमाणूस एकच, जाझगुल. मी गेले तेव्हा जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती नऊ पाहुणे बसले होते. मास्तरीण आली म्हटल्यावर मला ओढून दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. पुढे पाव, बोरसोक म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, साय, जर्दाळूचा मुरांबा. नाही म्हणायची सोय नाही. मी भांडायला आले होते आणि तोंडात बोरसोक घेऊन बसले.

"अभ्यासाचं टेबल कुठे आहे तुझं?" मी विचारलं.

"आतल्या खोलीत."

मी उठून बघून आले. टेबल होतं. माझा एप्रिलचा तक्ता वर भिंतीला अगदी सरळ लावलेला होता. आणि टेबलावर छतापर्यंत पाहुण्यांच्या गाद्या आणि रजया रचलेल्या होत्या, सुबक घड्या घालून. तिथे अभ्यास करायचा तर आधी बावीस रजया उतरवायला हव्या होत्या.

परत येऊन मी आजोबांना धरलं. "आके, पोरीची परीक्षा सहा आठवड्यांवर आली. चार ते सहा तरी पाहुणे नकोत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घराचं छप्पर काढायला सांगितलंय. "सायकाल, तुझं बरोबर आहे. पण दारात आलेल्या माणसाला मी काय सांगू? नात सूत्रं पाठ करतेय, चहा नंतर?"

"हो, तसंच सांगा!"

"तू सांगशील तुझ्या दारात?"

नसतं सांगितलं मी. माझी जीभच वळली नसती.

मग मी हताश होऊन चहा प्यायला लागले आणि पोरीकडे बघत राहिले. ती समोवारपाशी गुडघ्यावर बसली होती. अकरा माणसं, अकरा सारखेच पियाले, निळे, कापसाच्या फुलांच्या नक्षीचे. रिकामे पियाले हातोहात तिच्याकडे येत होते, कधी तीन एकदम, कधी पाच. ती रीतीप्रमाणे अर्धा अर्धाच चहा ओतत होती, आणि प्रत्येक पियाला जाऊन पोचत होता तो बरोबर त्याच माणसाकडे. एकाला दूध आधी, एकाला मीठ घालून, म्हाताऱ्या एस्केन आकेंना साय नको. एकदाही विचारलं नाही. मध्येच कुणीतरी गाय सुटली म्हणून ओरडलं, ती धावत बाहेर गेली, परत आली, हात धुतले आणि समोरचे चार पियाले न चुकता चौघांकडे परत गेले.

आमच्याकडे प्रत्येक मुलीला हे येतं, त्यात काही नवल नाही. चहा ओतणारीने पियाले बदलले तर सात घरांत चर्चा होते. मीही लहानपणी हेच केलंय. पण त्या दिवशी मी ते पहिल्यांदा नीट बघितलं.

"डोकं नाही म्हणे," मी म्हटलं. बहुतेक मोठ्याने म्हटलं असावं, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कपाट उघडलं. एकोणतीस वर्षांचे गठ्ठे, वर्षावार नाडीने बांधलेले. प्रत्येकातून मी फक्त मार्चचा तक्ता काढत गेले. एकवीस तारीख, खूण. पुढचा, एकवीस तारीख, खूण. जुन्या गठ्ठ्यांतले कागद पिवळे पडले होते, खुणा तशाच होत्या, एका दमात केलेल्या, सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. एकोणतीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने नोरूझला सुट्टी घेतली नव्हती. माझ्या स्वतःच्या पोराच्या तक्त्यावरही खूण होती. त्या वर्षी नोरूझला तो घोड्यावरून पडून हात मोडून आला होता आणि चार ते सहा आम्ही दोघं दवाखान्यात होतो. तळाला सही माझीच.

मी जमिनीवरच बसले. रडले नाही, रडायलाही अंगात जोर लागतो. फक्त खूप दमल्यासारखं झालं, एकोणतीस वर्षांचा शीण त्या एका दुपारी उतरला.

अनारकुलचा तक्ता एकवीस वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात सापडला. नोरूझची खूण त्यावरही होती. शाळेच्या व्हरांड्यात दरवर्षीच्या नोरूझचा फोटो लावलेला असतो. मी जाऊन त्या वर्षीचा बघितला. कढईपाशी उलथनं धरून, वेणी पुढे घेतलेली, हसत उभी आहे अनारकुल. आणि तिच्या शेजारी मी.

तो एक तक्ता मी पिशवीत ठेवला. बाकीचे कात्रीने कापायला घेतले. जाड चांगला कागद, मागची बाजू कोरी. एका तक्त्याच्या सोळा चिठ्ठ्या झाल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक प्रश्न लिहिला, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात उत्तर. कुबानिच आगाय आत आले आणि दारातच थिजले.

"एजेय! अहो, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे!"

"माझी झाली तपासणी," मी म्हटलं. "कात्री आहे का अजून एक?"

त्यांनी कपाळाला हात लावला. मग इकडे-तिकडे बघितलं, दार लावून घेतलं आणि कात्री आणून दिली.

जाझगुलला मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, टेबलावरच्या रजया दुसरीकडे हलव आणि सकाळी दूध काढून झालं की पाऊण तास तिथे बस, फक्त लांबलचक गणितं सोडवायला. वही उघडी ठेवून नाही, मिटून. अडलीस तरच उघड. आणि निळी-हिरवी शाई चुलीत घाल. दोन, दुपारी पाहुणे येतील ते येऊ देत. या चिठ्ठ्यांची टोपली दस्तरखानावर पावाशेजारी ठेव. ज्याचा पियाला रिकामा होईल त्याने एक चिठ्ठी उचलून तुला विचारायचं. उत्तर दिल्याशिवाय पियाला परत जाणार नाही.

"उत्तर चुकलं तर?"

"चुकलेली चिठ्ठी समोवारखाली, उद्या परत टोपलीत. बरोबर आलेली चार दिवसांनी परत. खूणबिण काही करायची नाही."

"तायाता चालू देतील?"

तायातांनी नुसतं चालू दिलं नाही, त्यांनी चष्मा शोधून काढला. पहिल्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेले. एस्केन आके कानाने अधू, त्यामुळे सगळं ओरडून बोलतात. त्यांनी पियाला पुढे केला, चिठ्ठी उचलली आणि गरजले, "सोमवार! चार ते सहा! बीजगणित!"

"उलटी धरलीत, आके, उलटी!" मी ओरडले.

"मग तसं सांगा ना! हं. काटकोन त्रिकोण... दोन बाजू... सहा आणि आठ. तिसरी किती? ए पोरी, हे कसलं कुंपण घालताय?"

"दहा," जाझगुल म्हणाली आणि पियाला त्यांच्या हातात गेला.

"दहा कशी? चौदा होतात!"

त्यावरून दोन म्हाताऱ्यांची जुंपली. एकाने बोरसोक मांडून त्रिकोण केला. पोरीने त्यांना समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता तिला स्वतःलाच ते आणखी नीट कळलं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. आठवड्याभरात गावात बातमी पसरली. लोक कामाशिवायच यायला लागले. घोड्याचा सौदा करायला आलेला माणूस टक्केवारी विचारून गेला. बायका समीकरणं, वर्गमूळ विचारून एकमेकींकडे बघून हसायच्या. "उत्तर दे गं बाई, घसा सुकला माझा!" म्हणून टोमणे मारायच्या. पहिले काही दिवस समोवारखाली चिठ्ठ्यांचा ढीग असायचा. कितीतरी पियाले थंड झाले. मग ढीग उतरायला लागला.

एप्रिलच्या शेवटी दुसरी सराव चाचणी झाली. एकशेतीन.

पंधरा गुण वाढले होते. मला तर नाचावंसं वाटलं, गुडघे बरे असते तर. पण एकशेतीन म्हणजे एकशेदहा नाही. संध्याकाळी जाझगुल माझ्या घरी आली, डोळे सुजलेले. "आई म्हणते, परवा निघ. एक तारखेला नाही पोचले तर जागा जाईल. दोनदा नापास झालीस म्हणते, तिसऱ्यांदा कशाला. मी पुष्कळ सांगितलं, ती ऐकतच नाही. तिने तायातांनाही गप्प केलं."

"फोन लाव तिला."

मॉस्कोत तेव्हा दुपार होती. मागे भांड्यांचा खणखणाट ऐकू येत होता. अनारकुलचा चेहरा पडद्यावर आला, डोक्याला फडकं बांधलेलं, डोळ्यांखाली काळं. माझ्या डोळ्यांपुढे फोटोतली पोर होती, त्यामुळे मला क्षणभर ओळखूच आली नाही.

"एजेय, तुम्ही बऱ्या आहात ना?" ती अदबीने म्हणाली. "तुम्ही पोरीसाठी फार केलंत, बाबांनी सांगितलं. पण माझ्यासारखंच आहे तिचं. तुम्हीच तेव्हा स्पष्ट सांगितलंत म्हणून मी तरी उगाच आशेवर राहिले नाही. तिलाही तसंच सांगा, म्हणजे ती रडायची थांबेल."

मी पिशवीतून तक्ता काढला आणि फोनपुढे धरला. "हे ओळखतेस?"

"अगं बाई! अजून आहे हे?"

"नोरूझच्या दिवशी चार ते सहा काय करत होतीस, अनारकुल?"

"एकवीस वर्षं झाली, एजेय. काय आठवणार?"

"फोटो आहे व्हरांड्यात. कढई ढवळत होतीस. आणि इथे बीजगणिताची खूण आहे."

मागे कुणीतरी रशियनमध्ये तिला हाक मारली, तिने हात वर करून थांबवलं.

"रविवारी करायचे," ती शेवटी म्हणाली. "सगळ्या एकदम. घरात लहान भावंडं होती, आई आजारी. पुस्तक उघडायलाच व्हायचं नाही."

"मग मी म्हणाले तेव्हा बोलली का नाहीस? तू कष्ट केलेस, डोकंच तेवढं आहे, असं मी म्हणाले तेव्हा?"

"तुम्ही इतक्या खात्रीने म्हणालात." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, अभ्यास केला असता तरी एवढंच झालं असतं. मग बरंच झालं नाही केला ते. एकवीस वर्षं स्वतःला हेच सांगत आलेय मी, एजेय. रोज, इथे उभी राहून."

मोठ्या माणसाने लहानाची माफी मागायची आमच्यात रीत नाही. मास्तरणीने तर नाहीच. माझ्या आईने कधी मागितली नाही, मी माझ्या पोराची मागितली नाही. तरी मी बोलले.

"चूक माझी होती. मी खुणा बघितल्या, तुला बघितलंच नाही. तुझ्या डोक्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं आणि मी निकाल देऊन मोकळी झाले. मला माफ कर. पण आता तीच चूक तू तुझ्या पोरीच्या बाबतीत करू नकोस. तिला परीक्षेला बसू दे. मग हवं तर ने."

ती कितीतरी वेळ फडक्याने हात पुसत राहिली, हात कोरडे झाले तरी पुसत राहिली. मग म्हणाली, "मे संपेपर्यंत राहू दे तिला. इथल्या बाईला मी सांगते काहीतरी." आणि फोन बंद झाला. जाझगुल माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मी तिला म्हटलं, उभी काय राहिलीस, घरी जा, पाहुणे आले असतील.

परीक्षा झाली. त्या दिवशी जुमाकादिर आकेंनी दारात बसून सगळ्यांना सांगितलं की आज चहा मिळणार नाही. त्यांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं असावं. लोकांनी आपापल्या घरून चहा आणला आणि तिथेच बसून राहिले.

निकाल जूनमध्ये लागला. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा घर भरलं होतं. फोन मुरांब्याच्या बरणीला टेकवून ठेवला होता आणि त्यात अनारकुल होती, तेच फडकं, तीच भांडी मागे.

"एकशेचौदा," जाझगुलने सांगितलं.

म्हाताऱ्यांनी कल्ला केला. एस्केन आकेंना ऐकू आलं नव्हतं, त्यांना दोनदा सांगावं लागलं, मग ते सगळ्यात मोठ्याने ओरडले. कल्ला ओसरल्यावर अनारकुल म्हणाली, "एजेय, खरं आहे ना? की रविवारी बसून केलेत?"

सगळे हसले, तीही हसली, पण तिचं हसू मध्येच तुटलं आणि तिने तोंड वळवलं.

मी पिशवीतून तिचा तक्ता काढून जाझगुलला दिला. दोन महिने तो पिशवीत होता, टाकवत नव्हता, ठेववतही नव्हता. पोरीने आईच्या खुणा बघितल्या, बोट फिरवून बघितल्या. मग कागद उलटा केला.

"आई, याच्या मागे कोरं आहे."

"मग लिही काहीतरी," अनारकुल म्हणाली.

जाझगुलने माझ्याकडून पेन घेतलं, लिहिलं आणि चिठ्ठी वाचावी तसं वाचलं. "एका कळपात ऐंशी मेंढ्या आहेत. पंधरा टक्के आजारी पडल्या. बऱ्या किती उरल्या?"

"अगं, मला काय विचारतेस! मला कुठे येतंय?"

"तुझा पियाला थांबलाय, आई," जाझगुल म्हणाली. तिने खरोखरच एक पियाला भरून आपल्या पुढ्यात धरला होता.

जुमाकादिर आकेंनी एस्केन आकेंच्या मांडीवर हात ठेवून त्यांना बोलू दिलं नाही. फोनमध्ये अनारकुलचे ओठ हलत होते. तिने ओल्या बोटाने पत्र्याच्या ओट्यावर काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मागून कुणीतरी तिला हाक मारली. ती वळली नाही.

"अडुसष्ट," ती म्हणाली. "बारा आजारी. अडुसष्ट बऱ्या. बरोबर आहे का, एजेय?"

माझे डोळे वाहत होते आणि पुसायला हातात काही नव्हतं.

"एजेय? चुकलं का?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "बरोबर आहे, अनारकुल."

"मग खूण करा ना," ती म्हणाली.

मी जाझगुलच्या हातातून पेन घेतलं आणि त्या कोऱ्या बाजूवर, प्रश्नाखाली अडुसष्ट लिहून त्यापुढे एक खूण केली.